आधी खोली, मग गाव

बडोद्याला पहिल्यांदा जाणारा मराठी माणूस निम्मी सावधगिरी घरीच ठेवून निघतो. गायकवाडांचं गाव, दांडिया बाजारात मराठी कानावर पडतं, मराठी साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा भरलेलं. मग परकं ते काय उरलं? अशा थाटात तो वडोदरा स्टेशनवर उतरतो. सयाजीगंजच्या अंगाने बाहेर पडायचं की अलकापुरीच्या, हे त्याला ठाऊक नसतं. चुकीच्या बाजूला निघाला की रुळांना वळसा घालून परत यावं लागतं, आणि तेवढ्यात चार रिक्षावाल्यांनी त्याची पिशवी धरलेली असते.

माझ्या ओळखीच्या एका घरात याच विषयावर आत्या आणि भाची यांची चांगली जुंपली. आत्या दांडिया बाजारातच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. भाची साताऱ्याची, सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेली, पहिलंच सत्र. मी झोपाळ्यावर बसून ऐकत होतो. मधे मधे माझी लुडबूड आहे, ती चालवून घ्यावी.

आत्या : तुम्ही मुलं मोबाइलमधल्या नकाशात डोकं घालून चालता, म्हणून हरवता. बडोदं तोंडाने विचारत फिरायचं गाव आहे. पानवाल्याला विचार, फुलवालीला विचार. ‘बेन’ म्हणून हाक मार, ती दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत येईल.

भाची : विचारलं ना! न्यायमंदिर कुठे म्हटलं, तर ‘सीधा, पछी डाबी बाजू’. गेले. तिथे न्यायालयच नाही.

आत्या : कोर्टं २०१८मध्ये दिवाळीपुऱ्याला गेली. पण न्यायमंदिर म्हणजे न्यायमंदिरच. १८९६ची इमारत आहे ती. कोर्टं गेली म्हणून काय आम्ही पत्ता सांगणं बदलायचं?

भाची : मग खंडेराव मार्केट. भाजी आणायला पिशवी घेऊन गेले, तर समोर महानगरपालिका.

आत्या : भाजी मागच्या अंगाला मिळते.

भाची : कमाटीबाग विचारलं, तर पाटीवर सयाजीबाग. काळा घोडा म्हणून ज्याच्याजवळ उतरायचं, तो नुसता घोडा नाही, वर सयाजीराव बसलेत. शहराचं नाव १९७४मध्ये वडोदरा झालं, तिकिटावर स्टेशनचा संकेत अजून ‘बीआरसी’, आणि तुझ्या तोंडी अजून बडोदं. समोरच्याला सगळं माहीत आहे असं धरून तुम्ही पत्ता सांगता. ज्याला माहीत नाही त्यानेच तर विचारलेलं असतं!

इथे मी भाचीच्या बाजूचा. जुन्या गावातली माणसं पत्ता सांगताना समोर काय आहे ते पाहत नाहीत, पूर्वी काय होतं ते आठवतात. त्यात लबाडी नसते, आपुलकीच असते, पण पायपीट पाहुण्याची होते.

आत्या : बरं, मग एकच गोष्ट पाठ कर. जुन्या गावाला चार दरवाजे : लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. चारही रस्ते मधे मांडवीला मिळतात. हरवलीस की मांडवी विचारायची. तिथून पुन्हा सुरुवात.

भाची : हे मात्र पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आत्या : आणि पाट्या वाचायला शीक. गुजराती म्हणजे काय, डोक्यावरची रेघ पुसलेली आपली बाळबोध. निम्मी अक्षरं तशीच आहेत.

भाची : उरलेल्या निम्म्यांनीच माझी बस चुकवली. ‘क’ ओळखू येत नाही, ‘ज’ नाही, ‘ब’ नाही. आणि पाचाचा आकडा आपल्या ‘प’सारखा काढतात. मी अक्षर समजून बसले आणि बस निघून गेली.

आत्या : आता कधी चुकेल का?

भाची : नाही चुकणार. पण आत्या, दरवेळी हेच तुझं उत्तर. आधी धडपड, मग शीक. मंगळबाजारात संध्याकाळी रस्ता ओलांडायचा म्हणजे दुचाक्या, रिक्षा, कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, मधेच एखादी गाय, आणि लहेरीपुरा दरवाज्याच्या तोंडाशी सगळे एकदम.

आत्या : थांबायचं नाही. धावायचंही नाही. एका चालीने जायचं, समोरच्याला तुझा वेग कळला की तो वळसा घेतो. थांबलीस की त्याचा अंदाज चुकतो.

भाची : तू मांडवीला शेवटची कधी गेलीस गं?

आत्या : माझे गुडघे दुखतात.

भाची : तेच म्हणते मी. ज्याचे गुडघे धड त्याचंच हे गाव!

आत्याबाई यावर काही बोलल्या नाहीत, पण चहा टाकायला उठल्या. खाण्याच्या बाबतीत दोघींचं जवळजवळ एकमत होतं, म्हणून ते थोडक्यात सांगतो. सेव-उसळीला मिसळ समजून जाऊ नये. मिसळीत मोड आलेली मटकी, इथे पांढरा वाटाणा, पातळ रस्सा आणि वर मूठभर शेव. तिखट वेगळं मिळतं, ते चाखल्याशिवाय ओतू नये. लीलो चेवडो घरी न्यायचा तर निघायच्या दिवशी घ्यावा, बटाट्याचा ओलसर चिवडा तो, फार दिवस टिकत नाही. डाळीत गूळ असतोच. आठवडाभर कपाळाला आठ्या पडतात, मग घरची डाळ अळणी लागते. दारूबंदी राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६०पासून आहे. परराज्यातून आलेल्यांना परवाना मिळतो, पण तो रीतसर काढावा लागतो.

नदीवर मात्र पुन्हा वाद.

भाची : तू मला पहिल्या दिवशी देवळं सांगितलीस, संग्रहालय सांगितलंस. विश्वामित्रीत मगरी आहेत हे नाही सांगितलंस.

आत्या : त्यात सांगायचं काय? त्या आमच्या आधीपासून आहेत. गावाच्या मधोमध नदी, नदीत मगरी. पुलावरून मुलांना दाखवायला आणतात लोक.

भाची : आणि पूर आल्यावर?

आत्या : पूर आल्यावर त्या सोसायटीत येतात. २०१९च्या ३१ जुलैला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. २०२४च्या ऑगस्टअखेर पुन्हा तेच. समा, वडसर, अकोटा, सगळीकडे पाणी. गाड्या तरंगत होत्या. प्राणिमित्र संस्थांची मुलं आणि वनखात्याची माणसं रात्री-अपरात्री मगरी पकडून नेत होती.

भाची : म्हणजे खोली बघताना मी भाडं विचारायचं, पाणी किती वाजता येतं ते विचारायचं, आणि मगर येते का तेही विचारायचं.

आत्या : तळमजला घ्यायचा नाही. आणि गेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते दलालाला विचारायचं नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारायचं. भिंतीवरची ओल तो दाखवेल. पावसाळ्यात अलकापुरीच्या रुळांखालच्या गरनाळ्यातून जायचं नाही, तिथे आधी पाणी साठतं.

पर्यटकांसाठी छापलेल्या माहितीत लक्ष्मीविलास राजवाडा किती साली पूर्ण झाला ते असतं (१८९०), या चार वाक्यांतलं काही नसतं. मला आत्याबाईंची माहिती जास्त मोलाची वाटते.

एवढं झाल्यावर आत्याबाईंनी हुकमाचं पान काढलं.

आत्या : तू सारखी ‘नवख्या माणसाला त्रास, नवख्या माणसाला त्रास’ म्हणतेस. हे गाव नवख्यांनीच उभं केलंय. सयाजीराव तरी कुठले? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा बारा वर्षांचं पोर, अक्षरओळखही धड नव्हती. त्यांना शिकवायला इलियटसाहेब, राज्य सांभाळायला दक्षिणेकडचे टी. माधवराव. अरविंद घोष १८९३मध्ये इंग्लंडहून थेट इथे आले आणि १९०६पर्यंत राहिले. ग्रंथालयं बसवायला १९१०मध्ये अमेरिकेतून बॉर्डन आणले. नंतर विद्यापीठात ललित कला शाखा निघाली, तर चित्रकला शिकवायला इंदूरचे बेंद्रे, केरळचे सुब्रमण्यन. भूपेन खख्खर मुंबईहून आले आणि इथलेच झाले. यांतल्या कुणाला ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत गेलेलं ऐकलंस?

भाची : एकाला ऐकलंय.

आत्या : कुणाला?

भाची : आंबेडकरांना.

झोपाळा थांबला. भाचीने हे ठरवून ठेवलं होतं की ऐनवेळी सुचलं, ते मी विचारलं नाही. पण ती पुढे जे बोलली ते बहुतेक सगळं आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलेलं आहे.

भाची : तू म्हणतेस ते सगळे बोलावलेले होते. हेही बोलावलेलेच. बडोदा सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला शिकले, पुढे लंडनला गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. तो पाळायला १९१७मध्ये ते इथे आले. त्यांना दरवाजे पाठ नव्हते म्हणून अडचण नव्हती आली, आत्या. उतरल्यावर राहायचं कुठे हाच प्रश्न होता. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने पाहिलं, अंगात सदरा-कस्ती नाही. शेवटी पारशी नाव लावून वरच्या मजल्यावर राहायचं ठरलं, रोजचा दीड रुपया. मोठा हॉल, मोडक्या सामानाची अडगळ, रात्रीचा अंधार. दुसरं कुणी माणूस नाही. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता.

आत्या : पुढचं माहीत आहे मला.

भाची : तरी सांगते. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघताना काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले. तू कोण, इथे कसा राहिलास? संध्याकाळच्या आत खोली सोड. मग ओळखीच्या दोघांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको येऊ दे, तिला विचारतो. तिथेही कळायचं ते कळलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर जायचं कुठे? कमाटीबागेत जाऊन बसले. ज्या बागेत तू मला छोटी आगगाडी दाखवायला घेऊन गेलीस ना, तिथेच.

आत्या : संकल्पभूमी म्हणतात आता. २३ सप्टेंबरला माणसांची रीघ लागते.

भाची : रीघ आता लागते. तेव्हा एक खोली लागत होती.

आत्या : पण सयाजीरावांचा दोष नाही त्यात. अस्पृश्यांसाठी शाळा त्यांनी १८८२ सालीच काढल्या होत्या. सक्तीचं मोफत शिक्षण १९०६मध्ये सगळ्या संस्थानात केलं. त्या काळात कोण करत होतं?

भाची : मी कुठे त्यांना दोष देते? हुकूम काढणं दरबाराच्या हातात होतं, खोली देणं गावाच्या हातात. दरबाराने दिलं ते दिलं. गावाने दिलं नाही.

वाद इथे संपला असता तरी चाललं असतं. पण आत्याबाई शिक्षिका, शेवटचा शब्द सहजासहजी सोडणाऱ्या नाहीत.

आत्या : शंभर वर्षांपूर्वीचं सांगतेस. आता कोण असं विचारतं?

भाची : मला विचारलं. खोली बघायला गेले. भाडं सांगायच्या आधी ‘आखू नाम शुं?’ पूर्ण नाव सांगितलं. मग मांसाहार? नाही. मग रात्री किती वाजता येणार? मित्र येणार का? मी सगळ्यात पास झाले आणि खोली मिळाली. माझ्या वर्गातली एक मुलगी नगरची. तिला आडनाव सांगितल्यावर खोली ‘हमणांज गई’, म्हणजे आत्ताच गेली. मी त्याच घरमालकाला दुसऱ्या दिवशी फोन केला. खोली होती.

आत्या : घरमालकाचीही बाजू असते गं. घर त्याचं, स्वयंपाकघर शेजारी. त्याला आपल्यासारखं माणूस हवं असतं.

भाची : त्या धर्मशाळेतल्या लोकांनाही तेच हवं होतं.

आत्या : (बऱ्याच वेळाने) आमच्या लहानपणी या वाड्याचा माडीवरचा मजला भाड्याने असायचा. सगळे दक्षिणीच. कोकणातले, पुण्याकडचे. मला वाटायचं बडोद्यात खोली पटकन मिळते. ती आम्हाला पटकन मिळायची. आणि आता तर विकायचं म्हटलं तरी काही भागांत अशांत धारा लागू आहे, १९९१चा कायदा. घर कुणाला विकायचं त्यासाठी कलेक्टरची परवानगी लागते. कोण कुठे राहणार ते गावात आधीच ठरून बसलंय. नवा माणूस उतरला की त्याला वाटतं, आपण खोली शोधतोय.

भाची : म्हणजे पटलं तुला?

आत्या : अर्धं. तू म्हणतेस गाव वाईट आहे...

भाची : असं कधी म्हटलं मी?

आत्या : नवरात्रात बघ. रात्री एकला मुली गरब्याहून स्कूटरने एकट्या घरी येतात, चणिया-चोळी घालून. कुणी वळून बघत नाही. पुण्यात येशील अशी?

भाची : नाही येणार. हे मान्य. पण त्याच मुलींना उरलेले अकरा महिने दहाच्या आत घरात यायला सांगतात, तेही मांड!

पुढे दोघी गरब्यावर घसरल्या आणि मूळ विषय राहिला. मला विचाराल तर आत्याबाईंचे सगळे सल्ले बरोबर आहेत. मांडवी लक्षात ठेवावी, तळमजला टाळावा, पाचाचा आकडा नीट बघावा, एका चालीने रस्ता ओलांडावा. नवख्या माणसाला हे सगळं दोन-चार आठवड्यांत जमतं, मग तो सेव-उसळीवर तिखट मागायला लागतो आणि पाहुण्यांना ‘सीधा, पछी डाबी बाजू’ असा पत्ताही सांगू लागतो. आवाज, गर्दी, उन्हाळा, लिपी यांपायी माणूस गाव सोडून जात नाही. चार-पाच वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडात राहून आलेल्या माणसाला बडोद्याच्या गर्दीने घाबरवलं नव्हतं. त्याला छप्पर मिळालं नाही.

म्हणून नवख्यांना उपदेश करणाऱ्या लेखांत एक बाजू कायम सुटते. जुळवून घ्या, विचारत चला, धीर धरा, हे सगळं बोलणं उतरणाऱ्यासाठी असतं. दार ज्याच्या हातात आहे त्याला कुणी काही सांगत नाही. आणि मराठी घरांनी तर हे जास्त ऐकायला हवं, कारण बडोद्यात आपण पाहुणेही होतो आणि मालकही.

जून-जुलैत विद्यापीठाची नवी वर्षं सुरू होतात. साताऱ्याहून, नगरहून, झाबुआहून, ईशान्येकडून मुलंमुली पिशव्या घेऊन सयाजीगंजात उतरतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, प्रतापनगर इथल्या ज्या मराठी घरांत माडी रिकामी आहे, त्यांना एवढीच विनंती. भाडं सांगा, वीजबिल कुणी भरायचं ते सांगा, अनामत किती ते सांगा, पोलिसांकडे नोंद करायला ओळखपत्राची प्रत घ्या. आडनाव त्या प्रतीवर असेलच, ते वाचून खोली ‘हमणांज गई’ म्हणू नका.